इस्राएल आळींतील शुक्रवार

मुंबईहून अलिबागेस जाणारे लोक पूर्वीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसची बोट धरीत. आतां बहुतेक उतारू मांडव्यास उतरतात, आणि २०२० पासून मोटारीसकट माणसें वाहून नेणारी मोठी नौकाही त्या वाटेनें जाऊं-येऊं लागली आहे. मांडव्याहून दक्षिणेस येणारा रस्ता किहीम, थळ, नवगांव हीं गांवें उजव्या हातास, समुद्राच्या अंगास, ठेवीत अलिबागेस पोंचतो. नारळी-पोफळींच्या या पट्ट्यास अष्टागर म्हणतात. ज्या जिल्ह्यांत तो मोडतो त्यास १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत, पुढें रायगड म्हणूं लागले. आमच्या तोंडून मात्र अजून कुलाबाच निघतें. प्रवासी येथें येतात ते समुद्रावर फिरण्यास, नाहीं तर ओहोटी लागली कीं पायीं चालत जाऊन जलदुर्ग पाहण्यास. नवगांवीं मुद्दाम कोणी उतरत नाहीं. गेल्या माघांत आम्ही उभयतां अलिबागेस निघालों असतां वाटेंत तेथें घटकाभर थांबलों.

दिसण्यांत तो किनारा इतर किनाऱ्यांसारखाच आहे. तेथें बेने इस्राएल लोकांचें एक अति जुनें दफनस्थान आहे व अलीकडे उभारलेला एक स्मारकस्तंभ आहे. त्या लोकांची परंपरा अशी कीं, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं स्वदेशांतील छळास कंटाळून निघालेल्या यहुद्यांचें एक गलबत चौलच्या बंदराकडे येत असतां येथें खडकावर आपटून फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. बुडालेल्यांचीं प्रेतें किनाऱ्यास लागलीं तीं येथेंच पुरलीं. काळाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं, व लवकर होईलसें दिसतही नाहीं. चौदा हा आंकडा ऐकून आमच्या कोंकणस्थ वाचकांचे कान टवकारतील. परशुरामानें समुद्रांतून वाहत आलेलीं चौदा प्रेतें चितेवर शुद्ध करून सजीव केल्याची सह्याद्रिखंडांतील कथा त्यांना ठाऊक आहेच. या साम्यावरून कोणीं कोणीं मोठमोठाले सिद्धान्त उभारले आहेत. आम्ही त्या वादांत पडत नाहीं. समुद्रानें माणसें आणून टाकावीं आणि त्यांची पुढें एक जात व्हावी, ही गोष्ट या किनाऱ्याच्या लोकांस नवी वाटत नसे, इतकेंच आमचें म्हणणें.

गलबताबरोबर त्यांच्या पोथ्या बुडाल्या. कांहीं पिढ्यांनीं भाषाही गेली. मराठी हीच त्यांची मायबोली झाली. तेलाचे घाणे चालवून ते निर्वाह करूं लागले, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांस शनिवार तेली म्हणूं लागले. राहत्या गांवावरून किहीमकर, नवगांवकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर अशीं आडनांवें पडलीं. सणांचीं हिब्रू नांवें विसरल्यावर त्यांनीं त्यांना मराठी नांवें दिलीं: नव्याचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण, शिळा सण. नांवांकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं यांतील निम्मीं चुलीपाशीं पडलीं आहेत. शनिवारची विश्रांति, आठव्या दिवशींची सुंता आणि ‘शमा’ या एका प्रार्थनेचे शब्द, इतकी सामग्री पुरुषांकडे उरली होती. उरलेला धर्म बायकांनीं स्वयंपाकघरांत सांभाळला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. आणि तो सांभाळल्याचा पुरावा मासळीनें दिला.

ती हकीकत अशी. दावीद राहाबी नांवाचा एक विद्वान् यहुदी कोंकणांत आला. कोणी म्हणतात तो हजार वर्षांपूर्वीं आला. कोणी त्यास अठराव्या शतकांतील कोचीनच्या प्रसिद्ध राहाबी घराण्यांतला समजतात. शनिवार पाळणारे हे तेली आपलेच भाईबंद तर नव्हेत, असा संशय येऊन त्यानें परीक्षा पाहण्याचें ठरविलें. ज्यांना एक अक्षर हिब्रू येत नाहीं त्यांची परीक्षा घ्यावयाची कशी? त्यानें तऱ्हेतऱ्हेची मासळी एकत्र आणून बायकांपुढें ठेविली व ती रांधावयास सांगितली. बायकांनीं मुकाट्यानें दोन वांटे केले. पंख व खवले असलेले मासे एकीकडे घेतले, बाकीचे बाजूस सारले, आणि ‘हे आमच्यांत खात नाहींत’ असें सांगितलें. राहाबीची खात्री पटली. पुढें त्यानें त्यांतल्या तिघांस धर्मशिक्षण देऊन काजी नेमिलें. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनीं १८९७ मध्यें आपल्या समाजाचा जो इतिहास लिहिला, व जो १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापून निघाला, त्यांत ही कथा आली आहे. आम्हीं आयुष्यभर परीक्षा घेतल्या, परंतु परीक्षार्थींस न कळतां घेतलेली व प्रश्न एकच असलेली अशी परीक्षा दुसरी पाहिली नाहीं.

तो नियम यहुद्यांच्या धर्मग्रंथांत दोन ठिकाणीं आला आहे, लेवीयाच्या अकराव्या अध्यायांत व अनुवादाच्या चौदाव्यांत. पाण्यांतल्या प्राण्यांपैकीं ज्यांस पंख व खवले दोन्ही असतील तेवढे खावे. त्यावर पुढच्या धर्मशास्त्र्यांनीं खल केला कीं, खवला म्हणजे कोणता? तर कातडी न फाटतां जो निघून येतो तो. ज्यास असे खवले आहेत त्यास पंख असतातच, पण पंख आहेत म्हणून खवले असतीलच असें नाहीं. तेव्हां खवला पाहिला म्हणजे काम झालें. संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस येथें मनुस्मृतीचा पांचवा अध्याय आठवेल. त्यांत भक्ष्य मत्स्य सांगतांना सशल्क, म्हणजे खवल्यांचे, असें स्पष्ट म्हटलें आहे. दोन शास्त्रांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण नजर दोघांचीही खवल्यावरच गेली.

कोंकणांत राहून हा नियम पाळणें लहानसहान व्रत नव्हे. रावस, पापलेट, बोई, बांगडा, जिताडा चालतात. परंतु कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या, माकूळ, मुशी, पाकट, शिंगाळा हीं सगळीं वर्ज्य. मुसळधार पावसांत समुद्र बंद असतां खाडीच्या चिंबोऱ्या हीच गरिबाची मेजवानी. तीही त्यांनीं सोडली. उलट पक्षीं मासळीची एक मोठी सोय होती. मांसाचें जनावर धर्माप्रमाणें कापण्यास शिकलेला माणूस लागतो, मग त्यांतील रक्त काढून टाकण्यासाठीं तें मिठांत ठेवावें लागतें. मासळीस यांतलें कांहीं नको. खेड्यांत एकटेंदुकटें पडलेलें घर कोणा शास्त्र्याची वाट न पाहतां धर्माप्रमाणें जेवूं शके तें मासळीच्या बळावर, असें आम्हांस वाटतें.

अलिबागेस ज्या घरीं आम्ही गेलों तें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें. तो गेलीं पुष्कळ वर्षें इस्राएलांत अश्दोद येथें असतो. त्याची पंचाहत्तरी उलटलेली आई येथें एकटी होती. आतां तीही मुलाकडे जाणार, घर विकलें जाणार. तेव्हां ‘गुरुजी, एकदां आईस भेटून या’ असें त्यानें कळविलें होतें. गांवांत ज्या भागांत हे लोक राहत त्यास इस्राएल आळी म्हणतात, व त्यांचें मागेन आबोथ हें प्रार्थनामंदिरही तेथेंच आहे. सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. १९४८ मध्यें इस्राएलचें राज्य स्थापन झाल्यापासून या समाजाचा बहुतेक भाग तिकडे गेला, आणि कोंकणांतल्या कित्येक गांवीं दहांची संख्या भरणें दुर्घट झालें आहे. चुलीस मात्र दहा माणसें लागत नाहींत.

आम्ही पोंचलों तो शुक्रवार. बाईंची गडबड चालली होती, कारण सूर्यास्तापासून शनिवार लागतो, आणि मग विस्तव पेटवावयाचा नाहीं; दोन दिवसांचें रांधणें सूर्य मावळण्याआधीं उरकावें लागतें. कोळीण दारांत टोपली घेऊन बसली होती. तिनें सोयीसाठीं तुकडे करून देऊं केले. बाईंनीं नको म्हटलें. अख्खा रावस उचलून त्यांनीं नखानें एक खवला उलटा खरवडून काढला, बोटावर घेऊन पाहिला, आणि मगच पैशांची गोष्ट काढली. कोळणीस त्याचें नवल वाटलें नाहीं. ‘यांची सासूपण असंच करायची’ असें ती आम्हांस म्हणाली.

आमच्या घरीं मासळी शिरत नाहीं. तेव्हां आमचें कुटुंब प्रथम नाकास पदर लावून ओटीवरच बसलें होतें. परंतु स्वयंपाकघरांत दोन फळ्यांवर दोन निरनिराळीं भांडीं पाहून तिला राहवलें नाहीं. एका फळीवरचीं दुधातुपाचीं, दुसरीवरचीं मांसाचीं. घासणी व फडकें देखील निराळें. तिनें विचारलें, ‘मावशी, चुकून एकाची पळी दुसऱ्यांत पडली तर?’ बाई म्हणाल्या, ‘अहो बाई, तुमच्या सोंवळ्यांत ओंवळ्याचा हात लागला तर तुम्ही काय करतां? तसंच.’ तेवढ्यानें दोघींची ओळख पटली, व आमचें कुटुंब पाट ओढून आंत बसलें. करडूं त्याच्या आईच्या दुधांत शिजवूं नये या एका आज्ञेवरून मांस व दूध यांची ही फारकत झाली आहे. या अडचणींतून कोंकणानें त्यांस एक वाट दिली, ती म्हणजे नारळ. नारळाचें दूध हें दूध नव्हे, फळाचा रस; तें मांसाबरोबर चालतें, मासळीबरोबर चालतें. नव्याच्या सणास गव्हाच्या चिकाचा जो हलवा करतात तोही याच दुधांत, म्हणजे सामिष जेवणावरही तो खातां यावा. घरांत मासळींत दूध-तूप घालण्याची चाल नाहीं, असेंही बाईंनीं सांगितलें.

आतां खरें काम निघालें. अश्दोदहून नातीनें टेलिफोनवर धोशा लावला होता कीं आजी, शुक्रवारच्या कालवणाचें माप लिहून पाठव. बाईंना माप ठाऊक नव्हतें. हातास ठाऊक होतें. मग असें ठरलें कीं त्यांनीं नेहमींप्रमाणें हातानें घ्यावें, आमच्या कुटुंबानें तें वाटींत-चमच्यांत मोजावें, आणि आम्हीं लिहावें. शनिवार लागल्यावर लिहिणें हेंही निषिद्ध कर्मांत येतें. तेव्हां कागद दिवेलागणीच्या आंत पुरा होणें अवश्य होतें. घड्याळांत साडेतीन झाले होते.

रावस सव्वा किलोचा. खवले काढून, धुवून, बोटभर जाडीचे तुकडे केले. त्यांना मीठ व अर्धा चमचा हळद चोळून ठेविली. डोकें व शेपूट कालवणासाठीं बाजूस काढलीं, मधले चार तुकडे शनिवारीं खाण्यास तळण्यासाठीं राखले. मग पाट्यावर वाटण. कोथिंबीर दाबून दोन वाट्या, हिरव्या मिरच्या आठ, लसूण दहा पाकळ्या, आलें बोटाच्या एका पेराएवढें, जिरें एक चमचा. हें मेणासारखें मऊ वाटलें जावें. भरड राहिलें तर रस फुटतो, असें बाईंचें म्हणणें. एका मोठ्या नारळाचा चव वाटून पहिलें दूध सव्वा वाटी निघालें, तें निराळें ठेविलें. चोथ्यावर कोमट पाणी घालून दुसरें पातळ दूध दोन वाट्या काढलें.

जर्मनच्या पातेल्यांत दोन पळ्या तेल तापवून त्यांत वाटण परतलें. कच्चा वास जाऊन कडेनें तेल सुटूं लागल्यावर पातळ दूध व मीठ घातलें, एक चमचा तांदुळाची पिठी पाण्यांत कालवून सोडली, आणि एक उकळी येऊं दिली. या ठिकाणीं बाईंनीं हात आंखडून आमच्याकडे पाहिलें, एका नव्या कोऱ्या वाडग्यांत तो हिरवा रस चार पळ्या काढून घेतला, आणि म्हणाल्या, ‘मास्तर, हें तुमच्यासाठीं. अजून मासळी पडली नाहीं.’ मग तुकडे सोडले. एकदां तुकडे पडले कीं पळी घालावयाची नाहीं. फडक्यानें पातेलें धरून गोल हलवावयाचें, नाहीं तर मासा मोडतो. सात-आठ मिनिटांत तो शिजला. शेवटीं विस्तव मंद करून दाट दूध व सहा आमसुलें घातलीं, आणि कडेस बुडबुडे दिसूं लागतांच पातेलें उतरलें. दाट दूध खळखळून उकळूं दिलें तर फुटून पाणी निराळें होतें.

आम्हीं तो वाडग्यांतला रस आमसूल टाकून भातावर घेतला. आमच्या सारांत व त्यांत फरक लसणीचा तेवढा. बरोबर वालाचें बिरडें होतें. बिरड्याचा सण हा त्यांचा जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिन, हें ठाऊक असल्यानें बिरडें खातांना आम्हांस किंचित् संकोच वाटला. बाईंनीं तो हंसून घालविला.

हीच शनिवारची अडचण पोलंड-लिथुआनियाकडच्या यहुद्यांनीं कशी सोडविली हें सांगण्यासारखें आहे. तेथें समुद्र दूर. नदीतलावांतले कार्प व पाइक जातीचे मासे मिळत, व त्यांत कांटे फार. शनिवारीं निषिद्ध मानलेल्या एकोणचाळीस कर्मांत टाकाऊ वस्तु निवडून वेगळी काढणें हें एक कर्म आहे. मग जेवतांना कांटा काढावा कसा? त्यांनीं शुक्रवारींच मांस कांट्यांपासून सोडवून बारीक चिरलें, त्यांत कांदा, अंडें व भाकरीचा चुरा मिसळला, आणि तें सारण पुन्हा माशाच्या कातडींत भरून उकडलें. ‘गेफिल्टे’ म्हणजे भरलेला. पुढें कातडीचा खटाटोप सोडून नुसते गोळे उकडूं लागले, व वर गाजराची चकती ठेवून थंडच वाढूं लागले. गॅलिशियांतले लोक त्यांत साखर घालीत, लिथुआनियांतले मिरीं. आणि एकमेकांचा पदार्थ दोघांसही खपत नसे. आम्हीं हें सांगितलें तेव्हां बाई म्हणाल्या, ‘मासळींत साखर?’ आणि पुढें कांहीं बोलल्या नाहींत.

परंतु बाईंच्या लोकांवर एकदां कठीण प्रसंग आला होता. इस्राएलांत गेलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांविषयीं तेथील मुख्य धर्माधिकाऱ्यांनीं शंका घेतली, व १९६२ मध्यें अशी आज्ञा काढली कीं यांतल्या कोणाचा इतर यहुद्यांशीं विवाह नोंदतांना आईकडील पूर्वजांची शक्य तितक्या मागल्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. ज्यांच्या पोथ्याच समुद्रांत बुडाल्या त्यांनीं कागद दाखवावे कोठून? बेने इस्राएलांनीं जेरुसलेमांत निदर्शनें केलीं, आणि १९६४ च्या ऑगस्टांत क्नेसेत या तेथील विधिमंडळानें ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असा ठराव केला; त्यानंतर ती आज्ञा बदलली. आमच्या मतें या धर्माधिकाऱ्यांपेक्षां राहाबी अधिक शहाणा. त्यानेंही आईकडचीच चौकशी केली, पण ती टोपली पुढें ठेवून.

दिवेलागणीस अर्धा तास उरला होता. तळलेले तुकडे झांकून ठेवले होते, काळ्या मनुका भिजवून केलेलें आशीर्वादाचें सरबत गाळून तयार होतें. आम्हीं कागद वाचून दाखविला. नातीस मराठी समजतें, वाचतां येत नाहीं. तिचा बाप तिला वाचून दाखवील. आमसुलें तिकडे मिळत नाहींत, म्हणून ‘न मिळाल्यास चिंच’ असें घातलें. रावसाच्या जागीं काय, हा प्रश्न निघाला. तिकडे ज्यास बुरी म्हणतात तो मासा म्हणजे आपली बोईच, असें मुलानें पूर्वींच सांगितलें होतें, तेंही लिहिलें.

बाईंनीं सगळें ऐकून घेतलें व मान हलविली. ‘मास्तर, पहिली ओळ राहिली.’ आम्हीं पुन्हा पाहिलें. पहिली ओळ ‘रावस सव्वा किलो’ अशी होती. ‘त्याच्या आधीं लिहा,’ त्या म्हणाल्या, ‘मासा अख्खा घ्यावा, आणि खवला स्वतःच्या नखानें काढून बघावा. दुकानांतून तुकडे आणूं नयेत. मीठ-मिरची काय, तिची ती शिकेल.’

समासांत जागा नव्हती, म्हणून आम्हीं दुसरा कागद घेऊन सगळें पुन्हा लिहून काढलें. शाई वाळेपर्यंत त्या दिव्यापाशीं आगपेटी हातांत धरून उभ्या होत्या. मग कागद घडी करून त्यांनीं प्रवासाच्या पेटींत, जाडजूड लुगड्यांच्या खालीं ठेविला, डोईवरून पदर घेतला आणि दिवा लावला.